‘आनुवंशिक’ आणि ‘जनुकीय’ : रक्ताच्या कर्करोगाची भाषा

(अकादमीच्या देवास येथील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावलं की तो एकतर स्वतःच्या कविता वाचतो किंवा आरोग्याच्या सूचना देतो. मी आज या दोन्हींतून आपली सुटका करणार आहे. मी रक्ताच्या आजारांचा डॉक्टर आहे आणि मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द मी स्वतः एकदा चुकीच्या जागी वापरला. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून ही गोष्ट भाषेच्या माणसांसमोर मांडावी असं मला बरेच दिवस वाटत होतं.

वीसेक वर्षं झाली असतील. आपल्या देवासचाच एक मुलगा माझ्याकडे आला. वय चोवीस. तीन आठवडे हटत नसलेला ताप, हिरड्यांतून येणारं रक्त, जिना चढताना लागणारी धाप. घरी वडील, आई आणि धाकटी बहीण. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी, जशी आपल्यापैकी बहुतेकांची असते. तपासणीत निघाला ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. डॉक्टर मंडळी त्याला ‘ए एल एल’ म्हणतात. मगजाच्या तपासणीचा पुढचा रिपोर्ट आला, त्यात पेशींच्या गुणसूत्रांत बिघाड दिसला होता. मी वडिलांना सांगितलं, ‘‘काका, याच्या पेशींत आनुवंशिक दोष आहे.’’

‘‘म्हणजे खानदानी?’’ त्यांनी विचारलं.

बाहेर पेशंट बसले होते. ‘‘तसंच काहीसं, जनुकांचा दोष,’’ असं म्हणून मी औषधांकडे वळलो.

उपचारांना सुरुवात झाली आणि महिन्याभरात आजाराला उतार पडला. या प्रकारच्या बिघाडात त्या काळी उतार पडल्यावर भावंडाचा मगज देणं, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जात असे. मी म्हटलं, बहिणीला रक्त तपासायला घेऊन या, जुळलं तर मुंबईला पाठवू. बहीण आली नाही. कधी तिची परीक्षा होती, कधी ती मामांकडे गेलेली होती. असे तीन महिने गेले. मग एक दिवस आई एकटीच आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, मुलीचं लग्न ठरलंय. तिचं रक्त तपासलं आणि तिच्यातही तेच निघालं तर? आणि तिकडच्या लोकांना कळलं तर?’’

मला तेव्हा उमगलं की तीन महिन्यांपूर्वी मी त्या घराला काय सांगून बसलो होतो. मी सगळं पहिल्यापासून समजावलं. बहीण आली. तिचं जुळलं, अगदी पूर्ण जुळलं. पण तोवर दुखणं उलटलं होतं, आणि उलटलेल्या ए एल एलला पुन्हा आवरणं फार कठीण असतं. मुलगा वाचला नाही. तो शब्दामुळे गेला असं मी म्हणणार नाही. बहिणीचा मगज वेळेत मिळूनही कदाचित तो गेला असता. पण ते तीन महिने मात्र शब्दामुळेच गेले. पुढे कधीतरी ती बहीण भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, ‘‘मला कुणी विचारलंच नव्हतं.’’

मी काय सांगायला हवं होतं, ते आज सांगतो.

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. तिथे रक्ताच्या पेशी तयार होतात. जुन्या मरतात, नव्या येतात, आणि हे काम जन्मभर चालतं. नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतल्या सगळ्या मजकुराची नक्कल व्हावी लागते. हा मजकूर गुणसूत्रांच्या २३ जोड्यांत साठवलेला असतो. त्यातल्या एकेका सूचनेला आपण जनुक म्हणतो. कोट्यवधी वेळा नक्कल होते, तेव्हा कुठेतरी चूक होणारच. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा ती पेशीच मरते. क्वचित एखादी चूक अशा जागी होते की ती पेशी मोठी व्हायचं विसरते आणि फक्त वाढत राहते. तिच्यापासून होणाऱ्या साऱ्या पेशींत तीच चूक उतरते. लिम्फोब्लास्ट म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीचं कच्चं रूप. या कच्च्या पेशींनी मगज भरून गेला की लाल पेशींना जागा उरत नाही म्हणून धाप लागते, प्लेटलेट कमी होतात म्हणून रक्त येतं, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात म्हणून ताप हटत नाही.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी हस्तलिखितांवर काम केलं आहे. तुमच्यासाठी हे समजणं माझ्या पेशंटपेक्षा सोपं आहे. एका पोथीवरून नकला होत गेल्या. एका नकलाकाराच्या हातून एका ओवीत चूक झाली. मूळ पोथी शुद्धच आहे, तिच्यावरून झालेल्या इतर नकलाही शुद्ध आहेत. पण त्या एका चुकलेल्या नकलेवरून ज्या ज्या प्रती झाल्या, त्या सगळ्यांत ती चूक आहे. पाठचिकित्सक अशा चुकांवरूनच प्रतींचं कूळ शोधतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच कामातून. ल्युकेमियाचा रिपोर्ट लिहिणारा तज्ज्ञ हेच करतो. तो बिघडलेल्या प्रतींचं कूळ शोधतो. माणसाच्या कुळाशी त्याचा संबंध नसतो. मुलाला आईवडिलांकडून मिळालेली मूळ पोथी शुद्ध होती. चूक त्याच्या मगजात, एका पेशीत, नंतर झाली. ती बहिणीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ती त्याच्या मुलांकडे जाण्याचंही कारण नव्हतं.

म्हणजे हा बिघाड जनुकीय होता, आनुवंशिक नव्हता.

घोटाळा होतो कसा, तेही पाहू. जेनेटिक्स या शास्त्राला आपण आनुवंशिकी म्हणतो. शास्त्राची सुरुवात आईवडिलांचे गुण मुलांत कसे येतात या प्रश्नापासून झाली, त्यामुळे नाव चुकीचं नव्हतं. पुढे शास्त्र वाढलं. एकाच माणसाच्या देहात, एका जन्मात जनुकं कशी बदलतात हेही त्यात आलं. इंग्रजीत जेनेटिक आणि हेरेडिटरी हे दोन शब्द वेगळे राहिले. आपण मात्र कित्येकदा दोन्हींसाठी आनुवंशिक हाच शब्द वापरतो. हिंदीत तर ही सवय अधिकच आहे. आपण मध्यप्रदेशातले मराठी लोक दोन भाषांच्या मधे राहतो, म्हणून आपल्याकडे ही चूक दोन्ही दारांनी येते.

याच्या जोडीला तिसरा शब्द आहे, जन्मजात. लहान मुलांच्या ए एल एलमध्ये १२ आणि २१ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले अनेकदा आढळतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेऊन जपून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांत संशोधकांनी वर्षांनंतर मागे जाऊन पाहिलं, तेव्हा हा बिघाड कित्येक मुलांत जन्माच्या आधीच, गर्भात झालेला होता असं दिसलं. आईवडिलांच्या पेशींत तो नव्हता. म्हणजे तो जन्मजात होता, पण आनुवंशिक नव्हता. तीन शब्द, तीन अर्थ. जनुकीय म्हणजे जनुकांतला, केव्हा का झालेला असेना. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेला. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून आलेला आणि मुलांकडे जाऊ शकणारा. शाळेच्या फळ्यावर पाच मिनिटांत सांगता येईल एवढंच हे आहे.

आता कुणी म्हणेल, कर्करोग आनुवंशिक कधी नसतोच का? असतो, आणि म्हणूनच शब्द जपून वापरायला हवा. ‘श्वास’ हा मराठी चित्रपट आपण पाहिला असेल. त्यातल्या नातवाला डोळ्याचा जो कर्करोग असतो, त्या रेटिनोब्लास्टोमाच्या बऱ्याच मुलांत दोष खरोखर आनुवंशिक असतो, तिथे भावंडांचे डोळे तपासावेच लागतात. ए एल एलमध्येही थोड्या घरांत असं असतं. गुणसूत्रांची संख्या फार घटलेला एक प्रकार आहे. लहान मुलांत तो आढळला तर टीपी ५३ या जनुकाचा दोष घराण्यात आहे का, हे पाहावं लागतं. प्रौढांत तोच दोष बहुतेक वेळा नंतर झालेला असतो. ही तपासणी कुणाची करायची हे डॉक्टरने ठरवायचं, आणि ठरवल्यावर घरच्यांना नीट सांगायचं. सगळ्याच रुग्णांना सरसकट आनुवंशिक म्हटलं, तर जिथे ते खरं आहे तिथे सांगायला शब्दच उरत नाही.

आणि एक गंमत पाहा. ए एल एलच्या उपचारात मर्कॅप्टोप्युरिन नावाची गोळी दीड-दोन वर्षं घ्यावी लागते. काही जणांना तिचा नेहमीचा डोसही झेपत नाही, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. त्यामागे एनयूडीटी १५ या जनुकातला एक फरक असतो. आशियातल्या लोकांत, भारतीयांतही, तो बऱ्यापैकी आढळतो. हा फरक आईवडिलांकडून येतो. तो आजार नव्हे, फक्त औषध किती झेपेल हे त्यावर ठरतं. म्हणजे एकाच पेशंटच्या फाइलमध्ये दोन रिपोर्ट असू शकतात. एक त्याच्या कर्करोगाच्या जनुकांचा, दुसरा त्याच्या स्वतःच्या जनुकांचा. पहिला जनुकीय, दुसरा जनुकीयही आणि आनुवंशिकही. दोन्हींवर आपण एकच चिठ्ठी चिकटवली तर घरच्यांनी काय समजायचं?

आता या बिघाडांचा आणि उपचाराच्या फळाचा संबंध काय ते सांगतो. कारण ‘आनुवंशिक’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटतो. लोकांना वाटतं, जनुकात आहे म्हणजे कपाळावर लिहिलेलं आहे, पुसता येणार नाही. या रोगाचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट आहे.

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका वेगळ्या, सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात एक असामान्य छोटं गुणसूत्र दिसलं. शहरावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांचे फोटो कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवले, आणि त्यांच्या लक्षात आलं की २२व्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा हरवलेला नाही, तो ९व्याला जोडला गेला आहे. बांधणी करणाऱ्याने दोन खंडांची पानं अदलाबदल करावीत तसं. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल या दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ असं सतत सांगणारं एक प्रथिन तयार होतं.

हेच गुणसूत्र ए एल एलमध्येही सापडतं. लहान मुलांत शंभरात तीन ते पाच जणांत. प्रौढांत मात्र साधारण चौघांत एकामध्ये, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. मघाशी सांगितलेला १२-२१चा बिघाड आणि गुणसूत्रांची संख्या वाढलेला प्रकार, हे दोन्ही उपचाराला चांगला प्रतिसाद देणारे. ते मुलांत पुष्कळ आढळतात, प्रौढांत कमी. मुलांचा ए एल एल संपन्न देशांत शंभरातल्या नव्वदांचा बरा होतो आणि मोठ्यांचा तितका होत नाही, यामागे हे एक मोठं कारण आहे. नाव एकच असलं तरी मुलांचा आणि मोठ्यांचा आजार आतून पुष्कळ वेगळा असतो.

दुसरं कारण शरीराची सहनशक्ती, आणि तिसरं कारण फार बोलकं आहे. फ्रान्समध्ये १५ ते २० वर्षांच्या रुग्णांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. वय तेच, आजार तोच. काही मुलं बालरोग विभागात गेली, काही प्रौढांच्या. पाच वर्षांनी पुन्हा न उलटता बरे असलेले रुग्ण पहिल्या गटात शंभरात ६७ होते, दुसऱ्या गटात ४१. बालरोगतज्ज्ञांचं वेळापत्रक अधिक कडक होतं आणि ते पाळलंही जात होतं. म्हणजे कोणत्या दारातून आत गेलो यावरही फळ ठरत होतं. तेव्हापासून तरुण प्रौढांना मुलांच्या धर्तीचे उपचार देण्याची पद्धत सगळीकडे रुळली.

फिलाडेल्फिया गुणसूत्राकडे परत येऊ. मी शिकत होतो तेव्हा प्रौढ ए एल एलमध्ये हा सर्वांत वाईट रिपोर्ट समजला जाई. ब्रिटन आणि अमेरिकेच्या एका मोठ्या संयुक्त अभ्यासात, नुसत्या किमोथेरपीच्या आणि ट्रान्सप्लांटच्या काळात, चार वर्षांनी शंभरात २२ जण हयात होते. त्या बिघडलेल्या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत बसून त्याला गप्प करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्याच अभ्यासात ती जोडल्यावर आकडा ३८ झाला. पुढे तिच्याहून प्रभावी गोळ्या आल्या. मग इटलीत एक प्रयोग झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. ६३ रुग्ण, त्यांत ८० वर्षांच्या पुढचेसुद्धा. त्यांना नेहमीची किमोथेरपी न देता आधी डॅसॅटिनिबची गोळी आणि नंतर ब्लिनाटुमोमॅब हे औषध दिलं. हे औषध एका हाताने कर्करोगाची पेशी धरतं आणि दुसऱ्या हाताने रुग्णाची स्वतःची संरक्षक पेशी धरून दोघींना समोरासमोर आणतं. दीड वर्षाने शंभरात ९५ जण हयात होते, आणि चार वर्षांनंतरही सुमारे ८०. एका पिढीत सर्वांत वाईट रिपोर्ट आशेचा रिपोर्ट झाला. जनुक तेच होतं. त्याची ओळख पटली म्हणून त्यावर औषध शोधता आलं.

सगळे बिघाड असे वश झालेले नाहीत. ४ आणि ११ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा प्रकार अजून हट्टी आहे. गुणसूत्रं फार घटलेला प्रकार तसाच. २००९ साली ओळखला गेलेला एक प्रकार वागतो फिलाडेल्फियासारखा, पण त्यात ते गुणसूत्र दिसत नाही, ते शोधायला वेगळ्या तपासण्या लागतात. हा रिपोर्ट आला की आम्ही उपचार कडक करतो, ट्रान्सप्लांटचा विचार लवकर करतो. शिवाय उतार पडल्यावर मगजात दहा हजारांत एखादी तरी रोगट पेशी उरली आहे का, हे तपासतो. ती उरली नसेल तर वाईट बिघाडाचा रुग्णही पुष्कळदा तरून जातो, आणि उरली असेल तर चांगल्या बिघाडाच्या रुग्णाचीही काळजी करावी लागते. म्हणून मी आता घरच्यांना सांगतो, हा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. हा पत्ता आहे. चोर कुठल्या गल्लीत राहतो ते यात लिहिलंय.

या कथेत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावा असं मला वाटतं. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत असे, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे पुढे सापडलेलं फोलिक ॲसिड. गिरणीतल्या त्या बायकांची नावं कुठे नाहीत. पण त्यांच्या रक्तामुळे जगाला कळलं की रक्ताच्या पेशी वाढायला हे द्रव्य लागतं. मग बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी उलट विचार केला. कर्करोगाच्या पेशींना हे द्रव्य वापरताच आलं नाही तर? त्याला अडवणारी औषधं अमेरिकेत आंध्रच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवली. १९४८ मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलं की १६ मुलांपैकी १० जणांच्या ल्युकेमियाला त्यामुळे उतार पडला. तो उतार टिकला नाही, पण त्याआधी असं कधी घडलंच नव्हतं. त्या घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही प्रत्येक ए एल एलच्या रुग्णाला दिलं जातं.

पुढे १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीतून वावरतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला. महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या गोळीच्या जागी आठ-दहा हजारांची देशी गोळी मिळत राहिली. अलीकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना कर्करोग ओळखायला शिकवणारा कार-टी उपचार देशात तयार केला. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. उलटलेल्या ए एल एलच्या प्रौढांनाही तो देता येतो. परदेशातल्या किमतीच्या दहाव्या भागात तो मिळतो, तरी आपल्यासारख्यांच्या घराला ते लाखो रुपये झेपणारे नाहीतच. उपचाराचं फळ ठरवणाऱ्या गोष्टींत जनुकाइतकंच वजन घराच्या पैशाला, अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराला आणि वेळेवर न ओळखलेल्या तापाला आहे. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, त्यात एक कारण भाषेचंही आहे.

देवासमध्ये उभं राहून हे बोलताना मला कुमार गंधर्वांची आठवण होणारच. १९४८च्या जानेवारीत ते इथे आले ते क्षयाने जर्जर होऊन, माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. त्या काळी क्षय म्हणजे घराण्याला लागलेला डाग होता. अमुक घरात क्षय आहे म्हटलं की त्या घरातल्या मुली खपत नसत. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जंतू दाखवून दिला होता, तरी लोकांच्या तोंडी तो रोग पिढीजातच राहिला होता. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं. कुमारजी बरे झाले आणि पुन्हा गायले. ते कसं गायले हे या गावाला मी सांगायची गरज नाही. औषधाने रोग हटला, पण घराण्यावरचा डाग पुसला तो हळूहळू बदललेल्या भाषेने. शाळेच्या पुस्तकांनी, वर्तमानपत्रांनी, कथांनी लोकांना सांगितलं की हा जंतूचा रोग आहे, रक्ताचा दोष नव्हे. ल्युकेमियाच्या बाबतीत तेच काम अजून व्हायचं आहे.

भावंडाच्या दानाची बाब यात सर्वांत दुखरी आहे. भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आता अर्धं जुळणारे आईवडील, मुलंही मगज देऊ शकतात. म्हणजे ज्या घराण्याला आपण दोषी ठरवतो, त्याच घराण्यात औषध असतं. आईवडिलांकडून आलेला खरा वारसा इथे उपयोगी पडतो. बहिणीला तपासायला आणणं म्हणजे रोग शोधणं नव्हे, इलाज शोधणं आहे. हे एक वाक्य मी त्या वेळी त्या वडिलांना सांगितलं असतं तर!

शेवटी आपल्याकडे एक मागणं. शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात हे तीन शब्द वेगळे करून शिकवावेत. जे पाठ्यपुस्तकांचे, सरकारी पत्रकांचे, संमतिपत्रांचे अनुवाद करतात त्यांनी ‘जेनेटिक’ दिसला की क्षणभर थांबून, बिघाड वारशाने आलेला आहे की नंतर झालेला, हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तर ‘जनुकीय’ लिहावं, त्यात चूक होत नाही. लेखकांनी गोष्टीतल्या ल्युकेमियाच्या रुग्णाला दर वेळी तिसऱ्या प्रकरणात मारू नये. आज पुष्कळ जण जगतात, नोकरीला जातात, त्यांची लग्नं होतात. त्यांच्या जगण्याच्या गोष्टी मराठीत फार थोड्या आहेत. आणि डॉक्टरांनी, म्हणजे मी, घरगुती शब्दांना कमी लेखू नये. रेमिशनला आपल्याकडे ‘उतार’ आहे, रिलॅप्सला ‘दुखणं उलटणं’ आहे. माझ्या आजीने तापाला हे शब्द वापरले होते. दोन्ही शब्दांत पुढचं सूचन आहे. उतार पडला म्हणून औषध सोडायचं नसतं, आणि उलटू शकतं म्हणून नजर ठेवायची असते. कोणत्याही पारिभाषिक कोशातल्या शब्दापेक्षा ते पेशंटला लवकर कळतात.

मी हल्ली पेशंटच्या घरच्यांना समोर बसवतो आणि पहिलं वाक्य असं सांगतो, ‘‘हे तुमच्याकडून आलेलं नाही, आणि याच्याकडून कुणाकडे जाणार नाही.’’ जिथे ते खरं नसतं तिथे अर्थातच म्हणत नाही, पण बहुतेक घरांत ते खरं असतं. ते ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. इतके दिवस ती मनातल्या मनात माहेर आणि सासर चाळत बसलेली असते. ती थांबते, आणि मग विचारते, ‘‘आता काय करायचं?’’ उपचार तिथून सुरू होतो.